दूध सोडलं, मग बी-१२चं काय?

व्हीगन माणसाने, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाणाऱ्याने, बी-१२ हे जीवनसत्त्व घ्यायलाच हवं. गोळी, थेंब, सिरप, ज्याला जे रुचेल ते; पण घ्यायला हवं, आणि जोवर हा आहार आहे तोवर घ्यायला हवं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण या विषयावर लिहिणारे कितीतरी जण ‘असंही म्हणतात आणि तसंही म्हणतात’ करत वाचकाला होता तिथेच आणून सोडतात. या एका जीवनसत्त्वाबाबत तसं काही नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली ‘व्हीगन सोसायटी’ ही या विचाराची सगळ्यांत जुनी संस्था. ती आपल्याच माणसांना निक्षून सांगते, की बी-१२ मिसळलेल्या पदार्थांतून दिवसाला किमान ३ मायक्रोग्रॅम मिळवा, नाहीतर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची. प्राण्यांपासून मिळणारं काहीही खाऊ नका म्हणणारी संस्थाच जेव्हा हे सांगते, तेव्हा त्यात दूधवाल्यांचा किंवा औषधवाल्यांचा डाव शोधण्यात अर्थ नाही.

माझ्या भाचीला हे आकडे पाठ आहेत. ती पुण्यात शिकते, वसतिगृहात राहते, आणि गेल्या वर्षी तिने दूध-दही-तूप सोडलं. तिची अडचण आकड्यांची नव्हती. ती म्हणाली, “मावशी, गोळी घ्यावी लागते म्हणजे आपलं जेवण अपुरं आहे, असंच झालं ना?” माझ्या ताईने, म्हणजे तिच्या आईने, तिला फोनवर हेच ऐकवलं होतं. जे जेवण औषधाच्या दुकानावाचून पुरं होत नाही ते माणसाचं जेवणच नव्हे. आजी जगली, पणजी जगली, कुणी गोळ्या घेतल्या का?

हा प्रश्न मला उडवून लावावासा वाटला नाही. ताईच्या रागात काळजी होती. आणि भाचीचं म्हणाल तर, ज्या गोष्टीसाठी पोरीने घरातल्या सगळ्यांचा रोष पत्करला, ती गोष्टच मुळात अर्धवट निघाली तर काय, ही भीती तिला खरोखर आतून खात होती. मी बरीच वर्षं व्हीगन आहे आणि बरीच वर्षं गोळी घेते आहे. तिला नीट उत्तर देणं माझ्याकडे लागत होतं.

उत्तर शोधायचं तर बी-१२ येतं कुठून, इथपासून सुरुवात करावी लागते. ते कोणत्याही झाडपाल्यात तयार होत नाही हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण ते कोणताही प्राणीसुद्धा तयार करत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. गाय करत नाही, शेळी करत नाही, कोंबडी नाही, मासाही नाही. ते बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखे आणखी काही सूक्ष्मजीव. गाय-म्हैस चारा खाते, तिच्या मोठ्या पोटात असंख्य जिवाणू तो चारा आंबवत असतात, ते बी-१२ तयार करतात, पुढे तिच्या आतड्यात ते शोषलं जातं आणि त्यातलं थोडं दुधात उतरतं. असे जिवाणू आपल्याही मोठ्या आतड्यात आहेत. पण बी-१२ शोषून घ्यायची आपली जागा लहान आतड्याच्या अगदी शेवटी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अलीकडे आहे. अन्न पुढे सरकतं, मागे येत नाही. त्यामुळे आपल्याच पोटात तयार झालेलं बी-१२ आपल्या कामी येत नाही.

या जिवाणूंना बी-१२ बनवायला कोबाल्ट लागतं. त्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. जमिनीत कोबाल्ट नसेल तर गवतात येत नाही, आणि गवतात नसेल तर जनावर भरल्या पोटी खंगतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या काही भागांत मेंढ्या हिरव्यागार कुरणात उभ्या राहून वाळत जात आणि मरत. १९३५च्या सुमारास तिथल्या संशोधकांना याचं कारण सापडलं, ते म्हणजे कोबाल्टचा अभाव. आज जनावरांच्या खुराकात कोबाल्ट घालणं ही जगभरची रीत आहे. आपल्याकडेही. कराडजवळ माझ्या मामांचा गोठा आहे. तिथे पेंडीच्या पोत्याशेजारी खनिज मिश्रणाची पिशवी असते. मामा तिला नुसतं ‘मिक्श्चर’ म्हणतात आणि रोज आंबोणात थोडं कालवतात. पिशवीवरची यादी मी वाचली आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं, आयोडीन, आणि त्यात कोबाल्ट. कोंबड्यांच्या खाद्यात तर सरळ बी-१२च मिसळलेलं असतं.

मामांचं यात काही चुकतं असं मी म्हणत नाही. जनावराची नीट निगा राखणारा माणूस हे करतोच. पण ताई ज्या दुधाला नैसर्गिक म्हणते, त्या दुधाच्या मागेही एक पूरक पिशवी उभी आहे, एवढं खरं. (मी दूध सोडलं तेही याच गोठ्यामुळे. कालवड झाली की घरात आनंद, आणि गोऱ्हा झाला की चार दिवसांनी तो कुठे गेला हे कुणी विचारायचं नाही. त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायचं आहे.)

भाचीला मी सांगितलं ते एवढंच, की जिवाणूंनी बनवलेलं बी-१२ आपल्यापर्यंत यायला दोन रस्ते आहेत. एक गाईच्या पोटातून, दुसरा औषध कारखान्यातल्या टाकीतून. आज बाजारात मिळणारं सगळं बी-१२ जिवाणूंच्याच आंबवण्यातून निघतं, त्याला मांस लागत नाही, यकृत लागत नाही. दुसऱ्या रस्त्यावर कुणाचंही वासरू उभं नाही. ज्या कारणाने आपण दूध सोडलं त्याच कारणाने गोळी घ्यायची. मग जेवण अपुरं की पुरं हा प्रश्नच मला फारसा अर्थाचा वाटत नाही.

या गोळीमागे किती माणसांचे कष्ट आहेत, हेही मला तिला सांगावंसं वाटलं. शंभर वर्षांपूर्वी रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत जाऊन माणूस पिवळा पडत, थकत, अडखळत मरायचा आणि डॉक्टर बघत राहायचे. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अशा रोग्याला रोज भरपूर यकृत खाऊ घातलं तर तो उठून बसतो. १९३४ साली व्हिपल या संशोधकासह त्यांना नोबेल मिळालं. यकृतातलं ते नेमकं काय, हे सापडायला १९४८ साल उजाडलं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, एकाच वर्षी, बी-१२चे गडद लाल रंगाचे स्फटिक हाती आले. त्या स्फटिकांच्या आतली रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. इतका गुंतागुंतीचा रेणू त्याआधी कुणी असा उलगडला नव्हता. १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आज ती लाल भुकटी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. ती घेताना कमीपणा वाटावा असं त्यात मला काही दिसत नाही. मला कृतज्ञताच वाटते.

पण मला जे खरं सांगायचं आहे ते यापुढे आहे.

बी-१२ हे शरीरात साठून राहतं. यकृत ही त्याची कणगी. भरलेल्या कणगीत काही मिलिग्रॅम बी-१२ असतं आणि रोजची गरज असते दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणून आवक थांबली तरी काही वर्षं निभावतं. युरोप-अमेरिकेत मांस, अंडी, चीज खात वाढलेला माणूस तिशीत व्हीगन झाला, तर त्याला तीन-चार वर्षं काहीही जाणवत नाही. तिकडच्या लेखांत म्हणूनच एक निवांतपणा असतो. साठा पुरतो, घाबरू नका, सावकाश बघा. तोच सल्ला आपल्याकडची पोरं फोनवर वाचतात आणि तसंच वागतात. इथे तो सल्ला घातक आहे. कारण आपल्यातले बहुतेक जण भरल्या कणगीने सुरुवात करतच नाहीत.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. त्या गावांतल्या गरोदर बायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. पुढे २००६मध्ये त्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची आकडेवारी मांडली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांना बी-१२ कमी, आणि सगळ्यांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची. म्हणजे तुमच्या-माझ्या घरांची.

ही काही व्हीगन माणसं नव्हती. बहुतेकांच्या घरात दूध होतं. मग दूध गेलं कुठे? ते चहात गेलं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात बी-१२ असतं जेमतेम अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. कपभर चहात पडतं त्याचं अर्धं दूध, तेही आधी घरी उकळलेलं, मग चहाबरोबर पुन्हा उकळलेलं, आणि उकळताना त्यातलं काही नाहीसं होतं. वरणभातावर तुपाची धार पडते, पण बी-१२ पाण्यात विरघळणारं, तुपात ते उतरतच नाही. ताक पातळ. दही वाटीभर, तेही रोज नाही. पोटभर दूध पिणारं मूल सोडलं तर मराठी शाकाहारी घरात दुधाचं अस्तित्व चवीपुरतं आहे, आणि त्या चवीपुरत्या दुधावर सगळ्या घराचा भरवसा आहे.

मी ताईला म्हटलं, लेकीची तपासणी करतेस तर तुझीही कर. अहवाल आले. गोळी घेणाऱ्या लेकीचा आकडा ठीक होता. दिवसातून चार वेळा चहा घेणाऱ्या, वाटीभर दह्याशिवाय जेवण न होणाऱ्या ताईचा २०० पिकोग्रॅमच्या खाली. तळपायाला मुंग्या येतात हे ती मला केव्हापासून सांगत होती आणि आम्ही दोघी त्याला वय म्हणत होतो. तिला साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. या औषधाने बी-१२चं शोषण कमी होतं, हे वैद्यकात चांगलंच माहीत आहे. पित्तासाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही तेच होतं, आणि उतारवयात जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. म्हणून व्हीगन मुलीची काळजी करणाऱ्या आई-बाबांना, काका-काकूंना, सासूबाईंना माझी हात जोडून विनंती आहे, की तिच्याबरोबर तुम्हीही एकदा रक्त तपासा.

आता एक गोष्ट मला जास्त सावकाश सांगायची आहे, कारण ती कळली नाही तर माणूस हातातला वेळ घालवून बसतो. तिची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या आणि गरीब वस्त्यांत राहणाऱ्या कितीतरी बाया गरोदरपणात अतिशय फिक्या पडून दगावत होत्या. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, बायांच्या घरचं खाणं-पिणं तपासलं, माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिलं. आणि मग इंग्लंडात पावाला लावून खातात त्या मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने, या बाया बऱ्या होतात असं त्यांना आढळलं. १९३१मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो अज्ञात घटक म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड किंवा फोलेट म्हणून ओळखला गेलेला पदार्थ. आज जगभर गरोदर बाईला जी फॉलिकची गोळी देतात, तिची मुळं परळमध्ये आहेत.

फोलेट आणि बी-१२ रक्त तयार करण्याच्या कामात जोडीने राबतात. दोन्हींपैकी एक कमी पडलं तरी तांबड्या पेशी मोठ्या आणि कुचकामी होतात. पण बी-१२चं दुसरंही एक काम आहे, नसांवरचं आवरण शाबूत ठेवण्याचं, आणि तिथे फोलेट त्याची जागा घेऊ शकत नाही. आता व्हीगन ताटाकडे बघा. मेथी, चवळई, तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे. फोलेटची रेलचेल. बी-१२ नाही. भरपूर फोलेटमुळे रक्ताचा दोष झाकला जाऊ शकतो. हिमोग्लोबिन ठीक, चेहऱ्यावर तेज, वजन आटोक्यात, आणि आतमध्ये नसा झिजत असतात. ‘मला काही होत नाही, माझं हिमोग्लोबिन तेरा आहे’ असं जेव्हा एखादा व्हीगन मित्र मला अभिमानाने सांगतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

नसांची तक्रार सुरू होते ती अगदी बारीक. तळपायाला मुंग्या. चप्पल पायातून निसटली तरी पटकन न कळणं. सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाणं, कारण पाय कुठे आहेत हे नसांनी सांगायचं थांबवलेलं असतं आणि इतके दिवस ते काम डोळे करत असतात. जीभ गुळगुळीत, लाल. विसरभोळेपणा, चिडचिड, विनाकारण रडू. वेळेत उपचार झाले तर यातलं बरंचसं परत येतं. उशीर झाला तर काही कायमचं जातं.

त्यामुळे मोडाच्या कडधान्यातून, इडलीच्या आंबलेल्या पिठातून, न धुतलेल्या मुळ्याच्या मातीतून बी-१२ मिळतं असं जे सांगतात, त्यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिना या शेवाळात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं असतं. गोळी निवडतानाही फार खोलात जायचं कारण नाही. सायनोकोबालामिन हा बी-१२चा प्रकार; तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि सगळ्यांत जास्त वापरला गेलेला आहे. आपल्या दुकानांत मिथाइलकोबालामिन जास्त दिसतं, तेही चालतं. कॅप्सूल घेतलीत तर वेष्टनावर जिलेटिन लिहिलंय का ते बघा, कारण जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. साध्या गोळीत किंवा थेंबात तो प्रश्न सहसा येत नाही. एका वेळी जठरातल्या प्रथिनाला धरून दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं, उरलेल्यातलं सुमारे एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून रोजची गोळी छोटी पुरते आणि आठवड्याची इतकी मोठी लागते. आणि ज्याचा आकडा आधीच खाली आहे किंवा पाय बधिर होतायत, त्याने दुकानदाराला विचारून भागवू नये. त्याला इंजेक्शनं लागतील का, हे डॉक्टरच ठरवतील.

बाकीच्या जीवनसत्त्वांचं आणि खनिजांचं काय? इथे मात्र माझं मत उलट आहे. ‘व्हीगनांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांची बहुतेकांना गरज नाही. आपलं स्वयंपाकघर समर्थ आहे, फक्त ते पुन्हा उघडायला हवं.

कॅल्शियमचंच घ्या. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम हवं, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं. कोकणातल्या आणि डोंगरातल्या माणसांचं हे रोजचं धान्य होतं, आणि आपण ते लहान बाळाच्या सत्त्वापुरतं ठेवलं. तीळ आपण संक्रांतीला खातो. शेवग्याच्या शेंगा आमटीत टाकतो आणि पाला फेकून देतो, जो शेंगेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. हुलगे तर शहरातल्या घरांतून गेलेच. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट ते असं धरून ठेवतं की शरीराला फारच थोडं मिळतं. सोयादुधाचा डबा आणलात आणि त्यावर कॅल्शियम घातल्याचं लिहिलं असेल तर ओतण्याआधी चांगला हलवा, ते तळाशी बसतं. हे सगळं मी एवढ्या तपशिलाने सांगते त्याला कारण आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या आहार-अभ्यासाचे निष्कर्ष २०२०मध्ये आले, आणि त्यात मांसाहारी लोकांपेक्षा व्हीगनांची हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त निघालं, खुब्याच्या बाबतीत तर दुपटीहून अधिक. कमी वजन, कमी कॅल्शियम, कमी प्रथिनं, असं सगळं त्यामागे आहे. हा निष्कर्ष आपल्या बाजूचा नाही म्हणून तो दडवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. नाचणी, तीळ आणि पाला रोज पोटात जात नसेल, तर कॅल्शियमची गोळी जरूर घ्यावी.

लोहासाठी मटकीला मोड आणणं, उसळीवर लिंबू पिळणं आणि जेवणाला लागून चहा न घेणं, एवढं केलं तरी शोषण चांगलं वाढतं. मोड आले की धान्यातलं फायटेट, म्हणजे खनिजं अडवून धरणारं द्रव्य, कमी होतं, त्यामुळे जस्तही जास्त मिळतं. पण पाळी चालू असलेल्या बाईने वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) तपासावं, व्हीगन असो वा नसो. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहू नये.

ड जीवनसत्त्व हा तर सगळ्या शहरी भारताचाच प्रश्न आहे. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर काही आठवड्यांसाठी देतात आणि लोक ती वर्षभर घेत राहतात. हे धोक्याचं आहे, कारण ड शरीरात साठतं आणि जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. नेहमीचं ड-३ मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनतं. व्हीगन ड-३ लायकेनपासून काढतात, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं ते. (मसाल्यातून ड मिळत नाही, तो घाट घालू नका.) ओमेगा-३साठी विदर्भातली जवसाची चटणी रोज ताटात असू द्या. गरोदर असाल तर शेवाळाच्या तेलाविषयी डॉक्टरांशी बोला.

मिठाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. आयोडीन दुधातूनही मिळतं. व्हीगन होणारी तरुण मुलं दूध सोडतात, आणि त्याच सुमारास ‘शुद्ध आहार’ म्हणून साधं मीठ टाकून सैंधव किंवा गुलाबी मीठ आणतात, ज्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. दोन्ही झरे एकदम आटतात. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, ते आयोडीनयुक्त साध्या मिठातून बिनबोभाट मिळत असतं. १९६२मध्ये भारताने गलगंडाविरुद्ध कार्यक्रम हाती घेतला, तेव्हापासून हे मीठ हळूहळू घराघरांत पोचलं. ताईच्या डब्यातही तेच आहे. पूरक घटक न घेता जगणारं घर आज महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, हे मी भाचीला मिठाच्या डब्याकडे बोट दाखवून सांगितलं.

आता सगळ्यांत जड गोष्ट. आईच्या शरीरात बी-१२ नसेल तर ते दुधात उतरत नाही. फक्त अंगावर पिणारं बाळ सहा-आठ महिन्यांचं होता होता मंद होतं, हसायचं थांबतं, मान धरेनासं होतं, कातडी काळवंडते, केस विरळ होतात आणि हातपाय थरथरू लागतात. भारतातले बालरोगतज्ज्ञ हा आजार अनेक दशकांपासून ओळखतात, आणि यातल्या बहुतेक आया व्हीगन नसतात, त्या नेहमीच्या शाकाहारी किंवा गरीब घरांतल्या असतात. पुण्याच्या अभ्यासात २००८मध्ये पुढचं निघालं. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं ६ वर्षांची असतानाच त्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. म्हणजे मधुमेहाची तयारी आईच्या पोटात सुरू झाली होती.

आणि तरीही सरकारी दवाखान्यात गर्भवतीला मिळणारी लाल गोळी आजही ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची आहे. शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही तेच दोन घटक. बी-१२ दोन्हींत नाही. रेशनसाठी आणलेल्या पोषणयुक्त तांदळात ते घातलं गेलं, पण किलोमागे साधारण १ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो असा तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून गरजेचा दहावा हिस्सा मिळणार. पुण्याच्या त्याच गावांत पुढे वाढत्या वयाच्या मुलामुलींना रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग झाला, त्यांच्या पुढच्या पिढीचा विचार करून. रस्ता दाखवला गेला आहे, तोही आपल्याच जिल्ह्यातून. माझी भाची तिची गोळी विकत घेऊ शकते, ताईही आता घेते. गिरणी कामगार बायांच्या शहरात सुरू झालेल्या त्या फॉलिकच्या गोळीत बी-१२ची भर घालायला मायक्रोग्रॅमचाच खर्च आहे, आणि ती भर आता घातली गेलीच पाहिजे.